‘बरे झालात’ म्हणणाऱ्यांना अध्याय विचारा

मधुमेहाच्या रोग्याने इन्सुलिन अचानक बंद केलं की काय होतं, हे वॉर्डातल्या कोणत्याही सिस्टरला विचारा. उलट्या होतात, श्वास खोल आणि भराभर चालतो, तोंडाला फळासारखा गोडसर वास येतो आणि मग शुद्ध हरपते. नर्सच्या नोकरीत मी असे रोगी पाहिले. त्यातले काही माझ्याच ख्रिस्ती समाजातले होते. नातेवाईक खाली मान घालून सांगायचे, ‘सिस्टर, सभेत बरं झाल्याचं जाहीर केलं. आता औषध घेतलं तर तो अविश्वास होईल, म्हणाले.’

अशा सभांना पाहुणा प्रचारक येतो, मोठा साऊंड लागतो, पडद्यावर क्यूआर कोड झळकतो, अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या हातोहात जातात. आमच्यातली शिकलेली मंडळी यावर एकतर हसतात, नाहीतर कायद्याकडे बोट दाखवतात. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा मला हवाच आहे. पण त्याच्या अनुसूचीत उपचारांपासून रोखण्याचं जे कलम आहे, ते कुत्रा, साप, विंचू चावण्यापुरतं. इन्सुलिनचं नाव त्यात नाही. आणि दवाखान्याच्या बिलांनी पिचून, शेवटची आशा म्हणून सभेला गेलेल्या बाईला कायदा वाचून दाखवून उपयोग तरी काय? ती पवित्र शास्त्र मानते. तिच्याशी शास्त्रातूनच बोलायला हवं.

शास्त्रात याबद्दल भरपूर आहे. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने त्याला आणखी पंधरा वर्षं दिली. तो निरोप घेऊन आलेल्या यशया संदेष्ट्यानेच त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं. चमत्कार आणि पोटीस एकाच अध्यायात, एकाच संदेष्ट्याच्या तोंडून! पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. तुझा विश्वास कमी पडला, असं या दोघांपैकी कुणालाही तो म्हणत नाही. त्याच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्य होता, आणि त्याला तो प्रिय म्हणतो.

पैशांचंही तसंच. अलीशाच्या सांगण्यावरून नामान सेनापती बरा झाला. त्याने देऊ केलेल्या नजराण्यातलं अलीशाने काहीही घेतलं नाही. नोकर गेहजी मात्र रथामागे धावला, खोटं बोलला आणि चांदी नि कपडे घेऊन आला. नामानाचं कोड गेहजीला लागलं. या सभांमधून देवाला दहावा हिस्सा द्या, हा मलाखीचा दशांश मी पुष्कळ ऐकला, गेहजी एकदाही ऐकला नाही.

यावर लगेच कुणी म्हणेल, सिस्टर, वचनं तर तेही सांगतात. सांगतातच. याकोबाच्या पत्रातलं तेल त्यांच्या तोंडी कायम असतं. पण तिथे आजाऱ्याने बोलवायचं ते स्वतःच्या मंडळीच्या वडिलांना. तेल विकायचं, किंवा औषध टाकून द्यायचं, असं त्यात कुठेही नाही. एकेक वचन सुटं काढून कुणाच्याही गळ्यात बांधता येतं. सैतानाने येशूपुढे तेच केलं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं त्याने ९१व्या स्तोत्रातून म्हणून दाखवलं. येशूने ते स्तोत्र खोटं ठरवलं नाही. अनुवाद या पुस्तकातल्या दुसऱ्या वचनाने त्याने उत्तर दिलं: देवाची परीक्षा पाहायची नाही. आणि उडी टाकली नाही. प्रार्थनेच्या भरवशावर इन्सुलिन बंद करणं म्हणजे त्या शिखरावरून उडी टाकणं आहे, असं मी आमच्या बायकांना सांगते. मग कुणी म्हातारी विचारते, म्हणजे प्रार्थना करायचीच नाही का? करायची की! मी तर इंजेक्शन देतानाही करत असे.

म्हणून शास्त्र विश्वासाची राखण करतं, पण ते सबंध वाचणाऱ्याच्याच. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. १९२२मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४मध्ये प्रसिद्ध झालं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. साध्या बाईला ते स्वतः वाचून कळावं, हा त्यामागचा हेतू. आज आमच्या घराघरांत बायबल आहे, मोबाईलमध्येही आहे. तरी पुष्कळांना ते भेटतं रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर, गुलाबाच्या चित्रावर लिहिलेल्या एका ओळीत.

याचा दोष मी आमच्या पाळकांनाही देते. पाहुण्या प्रचारकाच्या नावाने मैदान भरतं, म्हणून ते गप्प बसतात. ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वचन तर प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायलाच वापरलं जातं. बिरुयातले लोक पौलाचं प्रवचन ऐकून तो सांगतो ते खरं आहे का, हे रोज शास्त्रात तपासत. त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. पौलाने स्वतः गलतीकरांना बजावलं की आम्ही किंवा स्वर्गातला दूत जरी निराळी सुवार्ता घेऊन आला, तरी मानू नका. पौलाला तपासलेलं चाललं, मग या पाहुण्यांना काय हरकत आहे?

आमच्या पास्टोरेट कमिटीकडे माझं मागणं साधं आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रचारकाने सभेनंतर अर्धा तास बसावं, लोकांनी बायबल उघडून अध्याय विचारावेत, त्याने उत्तरं द्यावीत. औषध बंद करा असं जो सांगेल, त्याच्याकडून ते सही करून लेखी घ्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं. हे ज्याला मंजूर नसेल, त्याला आमच्या मंडळीचं मैदान, माईक आणि दानपेटी यांतलं काहीही मिळू नये.