भुलेच्या बाणाचा हिशेब

‘चित्त्यास बेशुद्ध करून परत आणण्यात आले.’ कूनोच्या बातम्यांतून हे वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर नजर क्षणभरही ठरत नाही. झोपी गेलेल्या मुलास उचलून खाटेवर ठेवावे, तितके जणू ते सोपे! वस्तुतः त्या एका ओळीत वन्यपशूच्या आयुष्यातील अत्यंत धोक्याचा तास दडलेला असतो. त्या तासाविषयी आपण ग्वाल्हेरकरांनी तरी थोडे अधिक जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते; कारण हे पाहुणे आले ते आपल्याच दारातून. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाचे आठ आणि 18 फेब्रुवारी 2023 रोजी दक्षिण आफ्रिकेचे बारा चित्ते प्रथम येथल्या विमानतळावर उतरले व मग हेलिकॉप्टरने कूनोस गेले. श्योपूरचे ते रान पूर्वी शिंदे सरकारच्याच मुलखातले. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव महाराजांनी आफ्रिकेचे सिंह आणवून याच भागात सोडले होते. ते गुरांवर व माणसांवर उठले आणि प्रयोग फसला. परदेशचा पशू आणणे एक, आणि त्याला सांभाळणे दुसरे, हा धडा आपल्याला नवा नाही.

माणसाला भूल देताना वैद्य त्याचे वजन पाहतो, नाडी पाहतो, उपाशी पोटी यावयास सांगतो. रानातल्या चित्त्याला यांपैकी काहीच विचारता येत नाही. वजन नजरेने अजमावायचे, पोट भरलेले की रिकामे याचा तर्क करायचा, आणि दुरून बंदुकीने औषधाची सुई मांडीच्या स्नायूत मारायची. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक या औषधविक्रेत्याने गेल्या शतकाच्या मध्याला ही बंदूक व तिची सुई सिद्ध केली, आणि तेव्हापासून ही विद्या वाढीस लागली. परंतु सुई लागली म्हणजे पशू जागीच कोसळतो, ही चित्रपटातली समजूत आहे. औषध चढण्यास बहुधा पाच ते पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात बिथरलेला प्राणी धावतो. नाल्यात पडू शकतो, कड्यावरून घसरू शकतो. धावल्याने अंग तापते, आणि गुंगीत तो ताप शरीराला उतरवता येत नाही. म्हणून पशुवैद्य पहिल्यांदा थर्मामीटर लावतो, अंगावर पाणी ओततो, श्वास मोजत बसतो.

शिवाय एकाचे औषध दुसऱ्याला चालतेच असे नाही. आपल्याकडे वाघ-बिबळ्यांसाठी बहुधा केटामिन व झायलाझिन यांची जोडी वापरतात. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात या दोहोंचे जे घट्ट मिश्रण ठरले, ते त्याच उद्यानाच्या नावाने जगभर ओळखले जाते. झायलाझिनला योहिम्बिनचा उतारा आहे. केटामिनला मात्र उतारा नाही, ते आपल्या वेळेनेच उतरते. टायलेटामिन व झोलाझेपाम ही दुसरी जोडी बिबळ्याला चालते, पण वाघाला ती देण्याचे जाणते वैद्य शक्यतो टाळतात. कुळ एक असूनही! हत्ती, गेंडा यांच्यासाठी एटॉर्फिन. मॉर्फिनहून हजारपटीने अधिक तीव्र असे हे द्रव्य वैद्याच्या बोटाला ओरखड्यातून लागले तरी त्याच्या जिवावर बेतते, म्हणून उतारा हाती घेऊन दुसरा माणूस शेजारी उभा असतो. हत्ती छातीवर बसकण मारून पडला तर त्याचे स्वतःचेच वजन श्वास कोंडते. त्याला कुशीवर लोटावे लागते. जिराफाची मान उंच धरली नाही तर पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाते. सुसर-कासवे तर श्वास इतका वेळ रोखून धरतात की हुंगवायचे औषध आत जातच नाही.

आता कूनोचा हिशेब पाहू. जुलै-ऑगस्ट 2023 मध्ये पाठोपाठ तीन चित्ते दगावले. पावसाळ्याच्या ओलीत दाट केसांखालच्या जखमा चिघळून रक्तात विष भिनले होते. तेव्हा मोकळे फिरणारे सर्व चित्ते पकडून कुंपणात आणावे लागले. शेवटची निर्वा ही मादी 13 ऑगस्ट रोजी हाती लागली. त्या वेळी भुलेची सुई नसती, तर तपासणी नाही व औषधही नाही! उलट बाजूही आहे. 23 एप्रिल 2023 रोजी उदय नावाचा चित्ता मलूल दिसला, त्याला गुंगी देऊन उपचारासाठी आणले, आणि त्याच दिवशी तो गेला. 16 जानेवारी 2024 रोजी शौर्य झोकांड्या खाताना दिसला; त्यालाही गुंगी दिली, तो शुद्धीवरही आला, पण पुढे गुंतागुंत होऊन वाचला नाही. भुलेनेच ते गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण दोघेही आधीच आजारी होते. परंतु आजारी पशूला भूल द्यावी तर धोका, न द्यावी तर उपचार अशक्य, या कात्रीत सापडलेल्या वैद्याची अवस्था बातमीच्या ओळीत कधी येत नाही.

तथापि एक भेद आपण केलाच पाहिजे. उपचारासाठी दिलेली भूल वेगळी, आणि हद्द ओलांडली म्हणून दिलेली वेगळी. एप्रिल 2023 मध्ये ओबान हा नर कूनोबाहेर भटकला, तेव्हा त्याला त्या एका महिन्यात दोनदा बेशुद्ध करून माघारी आणले. गावात शिरणारा चित्ता आणि लाठ्या घेतलेला जमाव समोरासमोर आले तर भूल बरी, हे मान्य. पण आपण आखलेली रेघ चित्त्याला दिसत नाही, आणि प्रत्येक वेळी त्या रेघेची किंमत तो आपल्या श्वासाने फेडतो, हेही विसरता कामा नये.

कोल्हापूरच्या संस्थानातही आफ्रिकेतून चित्ते आणवीत. चित्तेवान त्यांच्या डोळ्यांवर टोपी घालून त्यांना बैलगाडीतून शिकारीस नेत; डोळे झाकले की जनावर शांत राहते, हे त्यांना ठाऊक होते. आजचा पशुवैद्यही गुंगीतल्या चित्त्याच्या डोळ्यांवर प्रथम फडके बांधतो. केटामिनच्या गुंगीत डोळे उघडेच राहतात, ते कोरडे पडू नयेत म्हणून मलमही घालतो. औषधे नवी आली, माया तीच हवी.

पुष्कळ देशांतील प्राणिसंग्रहालये आता वाघाला खाऊच्या आमिषाने शेपूट जाळीशी द्यायला शिकवतात आणि जागेपणीच रक्त काढून घेतात. न झाडलेला बाण हाच सर्वांत निर्धोक, हे त्यांनी ओळखले आहे. आपल्या फूलबागेतल्या पशूंनाही असे धडे देता येतील. रानात ते शक्य नाही. तेथे वैद्यच तयार हवेत. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात वन्यप्राण्यांच्या आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. त्यातून निघालेल्यांस कायमची पदे आणि पुरेशी साधने मिळावीत. आणि प्रत्येक बाणाचा हिशेब प्रसिद्ध व्हावा: कशासाठी मारला, औषध कोणते व किती, अंग किती तापले, शुद्ध केव्हा आली. पाहुण्याला आपण निजवले, तर तो नीट उठला की नाही हे पाहणे यजमानाकडेच येते.