धीमी गाडीच बरी

गेल्या गणेशोत्सवात चिंतामणीच्या दर्शनासाठी साताऱ्याहून आलेल्या आमच्या आत्या दादरला जलद गाडीत चढल्या. चिंचपोकळी डोळ्यांदेखत मागे पडले आणि भायखळ्याला घाईने उतरताना त्यांचा पाय मुरगळला.

चिंचपोकळीला धीम्या गाड्याच थांबतात, हे परगावच्या पाहुण्यांना आपण आधीच सांगावयास हवे होते. फलाटावरील फलकावर ‘एस’ म्हणजे धीमी, ‘एफ’ म्हणजे जलद. चूक झालीच, तर भायखळ्याला सावकाश उतरून उलट दिशेची धीमी गाडी धरावी. एकाच स्थानकाचे अंतर आहे.

उतारवयात एकदम उठल्यास रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. दादरनंतर परळ, करी रोड आणि मग चिंचपोकळी. तेव्हा करी रोड आले की उठावे, दांडा धरून क्षणभर स्थिर व्हावे आणि मगच दाराकडे वळावे. स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी न पिता निघू नये. त्यानेही भोवळ येते.

सोबत असणाऱ्यांनी ‘चला लवकर’ म्हणण्याऐवजी हात द्यावा. सुटलेल्या गाडीमागून दुसरी येतेच. मोडलेले हाड मात्र महिनोन्महिने घरी बसविते.