देवळालीचा ताप

इथे इंग्लंडमध्ये कुणाचं डोकं फिरलं, की ‘गॉन डुलॅली’ म्हणतात. हे नाशिकजवळच्या देवळालीचं नाव आहे, हे म्हणणाऱ्यांच्या गावीही नसतं. आपल्यातल्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मात्र तो शब्द झोंबतो. आपल्या गावाची ही बदनामी, ऐकली की हरकत घ्यावी, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. हरकत घ्यायचीच तर शब्दामागे जी गोष्ट चिकटवली जाते, तिला घ्या.

देवळालीला म्हणे गोऱ्या सोजिरांसाठी वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून हा शब्द. पण त्याच्या उगमासाठी इस्पितळाची गरजच नाही. बोटींचं वेळापत्रक पुरेसं आहे. नोकरीची मुदत संपलेल्या सोजिरांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. त्यांना मायदेशी नेणाऱ्या बोटी सुटत त्या थंडीच्या मोसमात. मोसम संपल्यावर ज्याची मुदत भरली, तो पुढच्या मोसमापर्यंत अडकला. ना लढाई, ना धड काम. वर उन्हाळा, मग पावसाळा. त्या काळात हिंदुस्थानात शिपाईगिरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्सने 1936 च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात या रेंगाळण्याबद्दल लिहिलं आहे. चांगल्या वर्तणुकीची माणसं तिथे बिघडत: दारू, गुप्तरोग, तुरुंग. काहींचं डोकं खरोखरच फिरे.

मूळ प्रयोग होता ‘डुलॅली टॅप’. हा टॅप म्हणजे आपला ताप. (डोक्याला ताप म्हणतो तोही चालेल!) पुढे ताप गळून पडला आणि दोष एकट्या गावाच्या माथी राहिला.

आणि गाव कोणतं, तर मुंबईची माणसं हवापालटासाठी गाठत ते! तिथल्या कोरड्या हवेत क्षयाचे रोगी बरे व्हायला येत, त्यासाठी सॅनिटोरियमं उभी राहिली. देवळालीच्या हवेने कुणाला वेड लागलं नाही. ते लागलं असेल तर माणूस कामातून मोकळा करूनही महिनोन्‌महिने घरी न धाडणाऱ्या लष्करी कारभाराने.

म्हणून मी तो शब्द खुशाल वापरतो. टाकून दिला तर त्या कारभाराचा इंग्रजी बोलीत उरलेला पुरावाच आपण आपल्या हाताने पुसू. ऑफिसात कुणी ‘डुलॅली’ म्हणालं, तर रागावू नका. बोट कधीची होती, एवढंच विचारा. समोरचा बुचकळ्यात पडेल. मग चहा होईपर्यंत सांगायला भरपूर आहे.