भाव सांगता, मग आवकही सांगा

या आठवड्यात एकच चित्र मला वाशिम, रिसोड आणि कारंजा अशा तिन्ही ठिकाणच्या व्हॉट्सॲप गटांवरून आलं. डावीकडे ‘रुची सोया, २०१९, साडेतीन रुपये’. उजवीकडे ‘जून २०२०, पंधराशे रुपये’. मध्ये वर चढत गेलेली हिरवी रेघ आणि खाली हिशेब : दहा हजार गुंतवले असते, तर बेचाळीस लाखांहून जास्त झाले असते. त्याखाली शेअर बाजाराच्या एका शिकवणीची जाहिरात. सोयाबीन विकून हातात दोन पैसे आले की ही चित्रं फिरू लागतात, हे मी मागेही लिहिलं आहे. २०२५ च्या हंगामात तर हमीभाव ५,३२८ असताना बाजारात चार हजारांच्या आसपास भाव मिळाला. अशा वर्षी हे चित्र पाठवणाऱ्याचा मला जास्त राग येतो. तोटा भरून काढायची घाई ज्याला असते, तोच याला पहिल्यांदा भुलतो.

रुची सोयाचं नाव आपल्याकडे लगेच पकड घेतं, हेही खरं. सोयाबीन गाळणारी देशातली ही मोठी कंपनी, तिच्या कारखान्यांच्या यादीत वाशिमचंही नाव. तिचा शेअर आपल्याला परका वाटत नाही.

चित्रातले दोन्ही भाव जवळपास बरोबर आहेत. खोटा आहे तो हिशेब. डिसेंबर २०१७ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली. देणी १२ हजार कोटींच्या आसपास. पतंजलीने ती ४,३५० कोटींच्या योजनेत घेतली आणि २०१९ च्या अखेरीस व्यवहार पूर्ण झाला. त्याच योजनेत जुन्या भागधारकांच्या १०० शेअरचा १ शेअर झाला. चित्रातल्या हिरव्या रेघेवर हा शंभराला एकचा क्षण कुठेच नाही.

आता हिशेब नीट मांडू. २०१९ मध्ये कोणी साडेतीन रुपयांनी हजार शेअर घेतले असतील, तर त्याचे गेले ३,५०० रुपये. शंभराला एक या भांडवल कपातीनंतर त्याच्याकडे उरले १० शेअर. २७ जानेवारी २०२० ला शेअर पुन्हा बाजारात आला तो सतरा रुपयांच्या आसपास, म्हणजे त्याच्या ३,५०० चे झाले होते १७०. जूनमधल्या अगदी शिखरावर विकले असते, तर हाती आले असते १५ हजार. सव्वाचार पट. वाईट नाही, पण चित्र सांगतं चारशे अठ्ठावीस पट. आणि २०१० च्या सुमारास, शेअर शंभराच्या आसपास असताना, ज्याने एक लाख घालून हजार शेअर घेतले होते, त्याच्या लाखाचेही शिखरावर तेच १५ हजार झाले. त्याचा उल्लेख चित्रात कशाला असेल?

पण मला खरं बोलायचं आहे ते त्या पंधराशे रुपयांबद्दल. भाव किती मिळत होता, हे सगळे सांगतात. किती मालाला मिळत होता, हे कोणी सांगत नाही. शेअर पुन्हा बाजारात आला तेव्हा कंपनीचे जवळपास ९९ टक्के शेअर प्रवर्तकांकडे होते. लोकांच्या हातात उरला होता एक टक्का. विकणारा कोणी नाही, घ्यायला मात्र रांग. म्हणून शेअर जवळपास रोज ५ टक्क्यांच्या वरच्या मर्यादेला जाऊन थांबायचा आणि त्या दिवशीचा व्यवहार तिथेच संपायचा. सतराला घ्यायचा म्हटलं तरी तो कोणाला मिळणार होता?

हे समजायला मुंबईच्या दलालाची गरज नाही, वाशिमच्या बाजार समितीचा फलक पुरतो. तिथे भावाआधी आवक लिहितात, मग किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. ते आकडे लोकांना अजून तोंडपाठ आहेत आणि दरवर्षी कट्टे घरात ठेवताना तेच आठवतात. पण त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन होतं कोणाकडे? आपल्या शेतकऱ्याचा माल दिवाळीआधीपासून निघायला लागतो आणि बहुतेकांचा उन्हाळ्याच्या आत विकून होतो. दहा हजारांचा भाव लागला तो शिलकीतल्या थोड्या मालाला. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि ऑक्टोबरात नवा माल हर्रासीला आला तेव्हा भाव निम्म्यावर आला होता. मुहूर्ताच्या सौद्याचं तर मी दर सप्टेंबरात लिहितो. पहिल्या दोन-चार कट्ट्यांना हार घालून वारेमाप बोली लागते, फोटो छापून येतो आणि तिसऱ्या दिवसापासून खरा भाव सुरू होतो. तो मुहूर्ताचा आकडा धरून वर्षाचं गणित मांडणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. मग तोच शेतकरी, त्याचाच शिकलेला मुलगा, रुची सोयाच्या पंधराशे रुपयांवर आयुष्याचं गणित का मांडतो?

कारण आवकेचा रकाना त्याला कोणी दाखवत नाही. तो असतो. मुंबई आणि राष्ट्रीय, दोन्ही शेअर बाजार रोज संध्याकाळी भावकॉपी काढतात. तीत उघडतानाचा भाव, दिवसातला चढा आणि उतरता भाव, बंद भाव आणि किती शेअरचे सौदे झाले, हे सगळं असतं. फुकट मिळतं. जुन्या तारखांचंही मिळतं. जून २०२० चे दिवस काढा आणि भावाशेजारी सौद्यांची संख्या ठेवा. पंधराशेचा भाव कंपनीचं मोल सांगतो की टंचाई, ते तिथेच कळेल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीलाही ते कळलं. २०२१ मध्ये नियम बदलला आणि दिवाळखोरीतून परत येणाऱ्या कंपनीचे किमान ५ टक्के शेअर तरी लोकांच्या हाती असले पाहिजेत, असं ठरलं. मी तेव्हा ५ टक्के कमीच आहेत असं लिहिलं होतं आणि आजही माझं तेच मत आहे.

सेबीचा विषय निघालाच आहे, तर माझं जुनं गाऱ्हाणं पुन्हा मांडतो. २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीनचे वायदे बंद केले आणि त्यानंतर मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. वायदा चालू असताना पेरणीच्या वेळीच ऑक्टोबरचा भाव काय बोलतो आहे, हे मोबाईलवर दिसायचं. तो आकडा चुकायचा, पण सगळ्यांसमोर चुकायचा आणि त्याची नोंद राहायची. ज्या पिकावर आपल्या जिल्ह्याचा बहुतेक खरीप उभा आहे, त्याच्या भावाची ती सलग नोंद तुटली. वायदे बंद झाल्यामुळेच भाव पडले, असं मी म्हणत नाही. पण गेल्या काही हंगामांत आपण जे भोगलं, त्यात या आंधळेपणाचा वाटा आहे, असं मला वाटतं आणि वाटत राहील.

पुन्हा शेअरकडे येतो, कारण उलटी चूकही तितकीच होते. अमळनेरचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली, तिचीच पुढे विप्रो झाली आणि गावातल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्पिढ्या ते शेअर सांभाळले. १९९७ च्या बोनसआधीचा एक शेअर धरा. त्या वर्षी एकाला दोन बोनस मिळाला, तीन झाले. १९९९ मध्ये दहाच्या शेअरचे दोन-दोनचे पाच झाले, म्हणजे पंधरा. २००४ मध्ये पंचेचाळीस, २००५ मध्ये नव्वद, २०१० मध्ये दीडशे, २०१७ मध्ये तीनशे, २०१९ मध्ये चारशे आणि डिसेंबर २०२४ मध्ये आठशे. एकाचे आठशे. नुसता छापील भाव जोडत गेलात, तर प्रत्येक बोनसला शेअर कोसळल्यासारखा दिसेल. म्हणून बहुतेक तक्ते जुने भाव त्या प्रमाणात कमी करून दाखवतात. त्याला समायोजित भाव म्हणतात. परतावा मोजायचा तर तोच बघायचा. लाभांश मात्र साध्या तक्त्यात धरलेला नसतो, तो वेगळा मिळवायचा.

पण कर भरताना हाच समायोजित भाव घात करतो. जुन्या शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला ३१ जानेवारी २०१८ च्या दिवसातला सर्वांत चढा भाव आधाराला धरता येतो. तो त्या दिवशी छापलेला हवा. विप्रोचा भाव तेव्हा ३०० च्या आसपास होता. आजच्या तक्त्यात तीच तारीख ११५ च्या जवळपास दिसेल, कारण मध्ये दोन बोनस होऊन गेले. आणि त्या तारखेनंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात. परतावा काढायला एक भाव आणि कर काढायला दुसरा. शिकवणीत महिनाभर भावाच्या तक्त्यातल्या मेणबत्त्यांचे आकार शिकवतात, एवढं कोणी का शिकवत नाही?

रुची सोयाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर माझंही चित्र अर्धवट राहील. मार्च २०२२ मध्ये कंपनीने ६५० रुपये भावाने ४,३०० कोटींचे शेअर लोकांना विकले. तेव्हाही सवलतीचा माल असल्याचे निनावी एसएमएस इतके फिरले की सेबीने अर्जदारांना अर्ज मागे घ्यायची मुभा दिली. जूनमध्ये कंपनीचं नाव पतंजली फूड्स झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने एकाला दोन बोनस दिला आणि अठराशेच्या आसपासचा भाव सहाशेच्या आसपास आला. आपल्याकडच्या दोघा-तिघांनी या आठवड्यात मला हेच विचारलं : साडेसहाशेला घेतला, आता सहाशेला आला, विकून मोकळा होऊ का?

त्यांना तोटा झालेलाच नाही. त्यांच्या एका शेअरचे आता तीन झाले आहेत, म्हणजे खरेदी पडली २१७ रुपयांना. जून २०२० चं ते शिखरही आता नीट समायोजित केलेल्या तक्त्यात पाचशेच्या आसपासच दिसतं. ठेवायचा की विकायचा, हे कंपनीचा धंदा, तेलाचे भाव आणि स्वतःची गरज बघून ठरवा. खात्यात किती शेअर आहेत, हे आधी मोजा, बोनसचे शेअर जमा झालेत का ते डिमॅटच्या पत्रकात तपासा, आणि ते चित्र पाठवणाऱ्याला शंभराला एक कुठे दाखवलं आहे, एवढं विचारा.