एका रुपयाच्या ‘फुकट’ मुदतीआड दरमहा कापले जाणारे पैसे



‘सात दिवस मोफत’, ‘फक्त एका रुपयात सगळ्या मालिका पाहा’ अशा जाहिरातींनी हल्ली मोबाइल भरलेला असतो. मालिकांची अ‍ॅप, भविष्य सांगणारी अ‍ॅप, मुलांच्या अभ्यासाची अ‍ॅप, सगळ्यांची रीत एकच. बटण दाबले की यूपीआयचा पडदा उघडतो, माणूस पिन टाकतो आणि आपला एक रुपया गेला असे समजतो. खरे तर त्याच पिनने त्याने ‘ऑटोपे’ला, म्हणजे पुढे दरमहा खात्यातून पैसे काढून घ्यायला परवानगी दिलेली असते. मुदत संपली की १९९, २९९, ४९९ असे काहीही कापले जाते आणि त्या वेळी पिन कोणी विचारत नाही.

‘वाचून पिन टाकायला काय झाले होते?’ असे सुशिक्षित माणसे सहज म्हणतात. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. किराणा घेतला, पिन टाकला, पैसे गेले, व्यवहार संपला. यूपीआयने लोकांना इतकी वर्षे हीच सवय लावली आहे. ‘आता पाहा’ हे बटण ठळक रंगात आणि दरमहाच्या रकमेची ओळ खाली फिकट, बारीक इंग्रजी अक्षरांत, ही मांडणी त्या सवयीचा फायदा घेण्यासाठीच केलेली असते. वाचणाऱ्याचीही नजर चुकावी म्हणून जे आखले आहे, त्याचा दोष न वाचणाऱ्याच्या माथी कसा मारता येईल?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात याची झळ जास्त बसते, कारण इथल्या अनेक घरांत खात्यावर येणारा पैसाच मोजका असतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळातच पंतप्रधानांच्या हस्ते पीएम किसानचा १६वा हप्ता, २१ हजार कोटींहून अधिक रक्कम, देशभरच्या शेतकऱ्यांच्या खात्यांवर थेट जमा झाला. मधल्या दलालाला वाव राहू नये म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार थेट खात्यात येतात, सीसीआयचा, म्हणजे कापूस महामंडळाचा, कापसाचा चुकाराही आधार जोडलेल्या खात्यातच येतो. आता त्याच खात्याला मागच्या दाराने गळती लागली आहे. दरमहा २९९ म्हणजे लाडक्या बहिणीच्या हप्त्याचा पाचवा हिस्सा. दरमहा १९९ म्हणजे वर्षाचे २,३८८. पीएम किसानचा एक हप्ता त्याहून कमी, दोन हजारांचा असतो. घरात मोबाइल एकच, तो संध्याकाळी मुलांच्या हातात, आणि पिन सगळ्यांना पाठ. मग बँकेत ‘साहेब, पैसे आपोआप कटून राह्यले’ म्हणत बाई पासबुक पुढे करते. त्यातल्या नोंदीवरून पैसे कोणी नेले हे तिला कळत नाही. ‘परवानगी तुम्हीच दिली’ एवढे ऐकून ती परत जाते.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे असे कोणी समजू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी मांडणी, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत आणि ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ हा त्यांतला एक. वर्गणी रद्द करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे हा सापळा आहेच. शिवाय मोफत वर्गणीसाठी ग्राहकाला पैसे भरण्याचा तपशील द्यायला किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणे, हेही त्यात स्पष्टपणे मोडते. मग एक रुपया घ्यायचाच कशाला? रुपया घेतला की ‘आम्ही मोफत दिलेच नव्हते’ असे म्हणायला जागा राहते आणि पिन टाकून दिलेली परवानगीही हाती लागते. माझ्या मते हा रुपया म्हणजे नियमातून काढलेली पळवाट आहे, आणि प्राधिकरणाने ती एका ओळीच्या खुलाशाने बंद करावी: नाममात्र शुल्काची चाचणी मुदत ही मोफत मुदतच समजली जाईल.

रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे. अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि त्याच वेळी नकार देण्याची सोय हवी. २०१९च्या मूळ परिपत्रकात सूचना समजेल अशा भाषेत असावी असे म्हटले आहे. प्रत्यक्षात येतो तो इंग्रजी एसएमएस, जाहिरातींच्या ढिगात हरवलेला. घाटंजीच्या किंवा झरी जामणीच्या शेतकऱ्याला तो समजतो असे रिझर्व्ह बँकेला खरोखर वाटते का? दुसरी गोष्ट मर्यादेची. दर वेळी पिन किंवा ओटीपी न विचारता कापता येणारी रक्कम आधी पाच हजार होती, जून २०२२मध्ये ती पंधरा हजार झाली. लाडक्या बहिणीचे हे दहा महिन्यांचे पैसे. वीजबिल आपोआप भरणाऱ्यांची सोय मला मान्य आहे, पण ती मर्यादा ज्याने त्याने स्वतः ठरवावी. मुळात ती कमीच असावी.

ही गळती थांबवणे अवघड नाही. कॉलर ट्यून आणि विनोदांच्या नावाखाली मोबाइलचा बॅलन्स कापला जायचा, ते दिवस अनेकांना आठवत असतील. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने जुलै २०१३मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली, सेवा बंद करायला १५५२२३ हा क्रमांक दिला. इथेही तोच मार्ग घेता येईल. मुदत सुरू होताना परवानगी मागूच नये; मुदत संपल्यावर ‘पुढे दरमहा इतके रुपये देणार का?’ असे मराठीत विचारून नव्याने पिन घ्यावा. ज्याला सेवा आवडली तो देईल. अमेरिकेत सप्टेंबर २०२५मध्ये अ‍ॅमेझॉनने प्राइम सदस्यत्वाबाबतच्या अशाच स्वरूपाच्या आरोपांवरून अडीच अब्ज डॉलरची तडजोड स्वीकारली. आपल्याकडे रक्कम लहान म्हणून कोणी तक्रार करत नाही, आणि त्या लहान रकमेच्या हिशेबावरच हा धंदा उभा आहे.

वाचकांना विनंती आहे की अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकले म्हणजे ऑटोपे बंद झाला असे समजू नका. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ विभाग उघडा, चालू परवानग्या बघा, नको ती रद्द करा. शेजारच्या आजीच्या, काकूंच्या मोबाइलवरही बघून द्या. पैसे कापले गेले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग यवतमाळातच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. रक्कम १९९ असली तरी तक्रार करा.

— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)