प्रवासी, प्रकाशक आणि पत्रे

लेखक आणि प्रकाशक यांच्या संबंधांविषयी आपल्याकडे बहुधा दोनच सूर ऐकू येतात : एक कृतज्ञतेचा, दुसरा तक्रारीचा. वस्तुतः हा संबंध मूलतः कराराचा आहे आणि तो समजून घेण्यास पत्रव्यवहारासारखे दुसरे साधन नाही.

आफ्रिका खंड आडवा पार करून डेव्हिड लिव्हिंग्स्टन डिसेंबर १८५६ मध्ये इंग्लंडला परतला. लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांनी त्याला प्रवासवृत्तासाठी २,००० गिनी आणि नफ्याचा दोन-तृतीयांश हिस्सा देऊ केला. त्या काळी अनेक लेखक निम्म्या नफ्यावर समाधान मानीत. तेव्हा जोखीम कोणी कोणाची उचलली, हे उघड आहे. मरे यांचा अंदाज चुकला नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये एक गिनी किमतीच्या ग्रंथाची १२,००० प्रतींची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा मागणी त्याहून अधिक नोंदली गेली होती.

परंतु पत्रांत केवळ पैशाचा हिशेब नाही. संपादकाने आपली रांगडी भाषा गुळगुळीत केली, याचा लिव्हिंग्स्टनला संताप आला आणि त्याने तो मरे यांना स्पष्ट शब्दांत कळविला. सिंहाने आपल्यावर झडप घातल्याचे चित्र त्याला हास्यास्पद वाटले व ते गाळावे असा आग्रह त्याने धरला. चित्र छापले गेलेच! मोबदल्यात उदार असलेला प्रकाशकही बाजाराची नाडी स्वतःच्याच हाती ठेवतो, हे यावरून दिसते.

या पैशाचा शेवट मुंबईत झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. ग्रंथाच्या उत्पन्नातून सुमारे ६,००० पौंड घालून त्याने 'लेडी न्यासा' ही आगबोट बांधवून घेतली. १८६४ मध्ये झांजीबारहून ती स्वतः हाकारीत त्याने मुंबई गाठली. पुढील वर्षी ती अवघ्या २,३०० पौंडांना विकली आणि ती रक्कम ज्या पेढीत ठेवली, ती पेढीच बुडाली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरल्यावर मुंबईत जी पडझड झाली, तिचे हे दिवस होत.

हे सारे आज सांगता येते, कारण मरे यांच्या पेढीने पिढ्यान्‌पिढ्या कागद जपले. ते आता एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. आपल्या प्रकाशनसंस्थांच्या जुन्या फायली मात्र जागा बदलताना वा भागीदारी मोडताना रद्दीत जाण्याचाच धोका अधिक. कोणत्या लेखकाला किती मानधन मिळाले, कोणते प्रकरण का गाळले गेले, हे उद्या कळणार कसे? ग्रंथालये, विद्यापीठे व प्रकाशक यांनी एकत्र येऊन हे कागद जतन करावेत. त्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. न केल्यास होणारे नुकसान मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही आणि भरूनही निघणार नाही.