फुटबॉल खेळून काय मिळालं?

आमच्याच इमारतीतली एक मुलगी यंदा सातवीत आहे. शाळेच्या फुटबॉल संघात तिची निवड झाली आणि घरात दोन तट पडले. मुलगी आणि आजोबा एकीकडे, आई-वडील दुसरीकडे. परवा तिच्या आईने मला जिन्यातच गाठलं. "ताई, तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हीच सांगा. क्रिकेट असतं तर एक वेळ समजलं असतं. फुटबॉल खेळून आपल्याकडे कुणाचं काय भलं झालंय?"

प्रश्नात खवचटपणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. आता बघा, आपल्या घरांतून मेस्सीचे टी-शर्ट वाळत असतात, विश्वचषकाच्या वेळी मुलं रात्र रात्र जागतात. पण फुटबॉलमधला आपल्या मातीतला एक माणूस सांगा म्हटलं, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून आज नेव्हिल डिसूझाची गोष्ट सांगते. गोड शेवटाची नाही, पण खरी आहे.

नेव्हिलचा जन्म १९३२ चा. घराणं मूळ गोव्याचं, खेळ मुंबईच्या मैदानांवरचा. तेव्हा मुंबईत कूपरेजवर फुटबॉलला गर्दी लोटायची आणि रोव्हर्स चषकाचा सामना म्हणजे सणच. नेव्हिल पुढच्या फळीत खेळायचा. गोलसमोर नेमका हवा तिथे उभा असणारा, अशी त्याची ख्याती. टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून तो खेळला. कंपन्यांचे संघ हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

१९५६ साली मेलबर्नला ऑलिम्पिक भरलं. आपला संघ तिकडे गेला तेव्हा त्याच्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. चारच वर्षांपूर्वी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. तोवर आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक होते. २०२४ मध्ये आलेला 'मैदान' हा सिनेमा त्यांच्यावरचाच. आपल्या मराठवाड्याचं हैदराबादशी जुनं नातं, त्यामुळे रहीमसाहेब मला उगाचच जवळचे वाटतात.

पहिली फेरी न खेळताच पार पडली. समोर हंगेरी होती, पण त्याच सुमारास बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. मग १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. नेव्हिलने पुन्हा एक मारला, त्यांनी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिलचा तिसरा गोल, शेवटी किट्टूचा चौथा, आणि सामना आपण ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरी गाठणारा आपला पहिला आशियाई संघ.

उपांत्य फेरीत समोर कोण, तर तोच युगोस्लाव्हिया! मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. नंतर पहिला गोल झाला तो आपला, आणि तोही नेव्हिलचाच. ज्यांनी दहा गोल चढवले होते त्यांच्यावर आपण आघाडी घेतली होती. ती टिकली जेमतेम दोन मिनिटं. शेवटी ४-१ असे हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. त्या ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक चार-चार गोल तिघांच्या नावावर लागले. एक युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा आणि तिसरा आपला नेव्हिल. त्यानंतर आजवर भारताच्या पुरुष संघाला ऑलिम्पिकमध्ये तेवढी मजल मारता आलेली नाही. १९६० च्या रोमनंतर तर पात्रसुद्धा ठरता आलेलं नाही.

मग पुढे काय? पुढे रोजचं आयुष्य. चोवीस वर्षांच्या पोराने जगात नाव काढलं आणि तो परत मुंबईत येऊन कंपनीच्या संघातून खेळायला लागला. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलमधला पहिला पुरस्कार मेलबर्नच्याच संघातल्या पी. के. बॅनर्जींना मिळाला आणि तो योग्यच होता. नेव्हिलच्या वाट्याला तो कधीच आला नाही. १९८० च्या मार्चमध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव मी तरी वाचलेलं नाही.

म्हणजे त्या आईचंच खरं म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. कारण नेव्हिलला एक गोष्ट मिळाली होती, जिची किंमत संसार करणाऱ्या बाईला बरोबर कळते. खेळाच्या जोरावर पोटापाण्याची सोय! तेव्हाच्या मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, गिरण्या चांगला खेळणाऱ्याला कामावर घेत. सरावाला सवड देत आणि एक तारखेला पगार देत. पाय मोडला तरी चूल बंद पडत नसे. मुंबईचा फुटबॉल या व्यवस्थेवर उभा होता. ती हळूहळू मोडत गेली. कॅल्टेक्स १९७८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. महिंद्र युनायटेडसारखा नावाजलेला संघसुद्धा २०१० मध्ये गुंडाळला गेला. लोक म्हणतात, क्रिकेटने फुटबॉलला खाल्लं. थोडं खाल्लं असेल. पण माझ्या मते फुटबॉलची खरी कंबर मोडली ती पगारपत्रकाने.

'पण तो पुरुष होता, मुलीचं काय,' असं मनात आलं असेल ना? मुलीचं उदाहरण मात्र महाराष्ट्राबाहेरून द्यावं लागतं. इम्फाळची ओईनम बेमबेम देवी १९८० ची, म्हणजे नेव्हिल गेला त्याच वर्षी जन्मलेली. लहानपणी मुलांच्या संघात घेत नसत, म्हणून तिने मुलाचं नाव सांगून खेळायला सुरुवात केली. १९९५ मध्ये, पंधराव्या वर्षी ती भारताकडून खेळली. पुढे कर्णधार झाली. २०१४ मध्ये मालदीवच्या क्लबकडून खेळून आली. २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक गळ्यात घालून तिने निवृत्ती घेतली. २०१७ मध्ये अर्जुन, २०२० मध्ये पद्मश्री. एवढी वीसेक वर्षं ती मैदानावर टिकली कशी? जिद्द होतीच. पण त्याबरोबर मणिपूर पोलिसांतली नोकरीही होती. मणिपूरमधून इतक्या मुली भारताच्या संघात का येतात, याचं उत्तर शोधताना नुसत्या डोंगरी हवेकडे बघून चालणार नाही.

आपल्या राज्यातही कागदावर बरंच काही आहे, बरं का. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. जिन्यातल्या त्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असावं असं कुणी तिला सांगितलंही नव्हतं. मात्र याच आरक्षणासाठी खोटी प्रमाणपत्रं जोडून नोकऱ्या लाटल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच शहरातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून एकवीस कोटींहून जास्त रक्कम लंपास झाल्याचं प्रकरण उघडकीला आलं. आरोप एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर होता. महागड्या गाड्या आणि फ्लॅटच्या सुरस बातम्या महिनाभर चघळल्या गेल्या. त्या पैशांत किती मुलींचे बूट आले असते, किती मैदानांवर संध्याकाळचे दिवे लागले असते, हा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही.

मी त्या आईला सांगितलं, की फुटबॉलने मुलगी लखपती होईल असं वचन मला देता येणार नाही. नेव्हिलसारखी ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक केली तरी लोक विसरू शकतात, हेही सांगितलं. पण २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. तो चषक ऑस्ट्रेलियात, नेव्हिलने जिथे हॅटट्रिक केली त्याच देशात. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे ताई. पण सराव संपतो सात वाजता, मैदानावर मुलींना कपडे बदलायला जागा नाही आणि बाथरूमला कुलूप असतं. त्याचं काय?"

त्याची किल्ली कुणाकडे असते, याची चौकशी मी सध्या करते आहे. कळलं की याच जागी लिहीन.